वेगळं ठेवा, वाळीत टाकू नका

मी पत्रकं लिहिते. बिरवाडीला भाड्याच्या खोलीत राहते आणि एका छोट्या संघटनेचं काम करते. कारखान्यांतले कंत्राटी कामगार हे आमचं एक काम, महाड-पोलादपूरच्या खोऱ्यांत वाळीत टाकलेली कुटुंबं हे दुसरं. पत्रकाचा नियम आम्हाला आल्या आल्या शिकवतात. पहिल्या ओळीत अन्याय, दुसऱ्या ओळीत दोषी, शेवटच्या ओळीत मागणी. मधे रडगाणं नको, वाचणारा एसटीत उभा असतो.

हे लिहिताना तो नियम मोडतोय. अन्याय सांगता येतो: माझ्या मोडलेल्या पायात रुग्णालयातच जंतू शिरले आणि पाय राहतो की जातो अशी वेळ आली. मागणीही आहे, ती ओघात येईल. मधला दोषी मात्र सापडत नाही. रुग्णालयाचं नाव मी घेणार नाही, आणि ते भीतीनं नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीची सगळी सुटतात, आणि तुम्ही ज्या खाटेशेजारी बसून हे वाचताय तिथले लोक म्हणतात, बरं झालं, आमच्याकडं असं नसतं.

आणि रडगाणंही आहे. ज्यांचं माणूस आज कोपऱ्यातल्या वेगळ्या खोलीत ठेवलंय, किंवा जे स्वतः तिथं पडलेत, त्यांच्यासाठी ते ठेवलंय. मला त्या खोलीत औषधं मिळाली, सलाईन मिळालं, वेळेवर जेवण मिळालं. तिथं किती एकटं पडायला होतं, ते कुणीच सांगितलं नव्हतं.

चपला बाहेर, हात आत

आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी खडी सांडलेल्या वळणावर माझी स्कूटर घसरली आणि नडगीचं हाड मोडलं. इरफान मागून टेम्पो घेऊन येत होता. तो संघटनेतला माझा सहकारी, महाडच्या ट्रान्सपोर्टवाल्यांचा मुलगा. आमची पत्रकं त्याच्याच टेम्पोतून फिरतात. त्यानं मला गठ्ठ्यांवर आडवं केलं आणि म्हणाला, "जास्त हलू नको, शाई ओली हाय." मी त्याला शिव्या देत महाडला पोचले. त्या शिव्यांमुळेच शुद्धीवर राहिले असणार.

शस्त्रक्रिया झाली. हाडाला प्लेट बसवली, टाके घातले आणि मला बायकांच्या वॉर्डात आणून ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली.

आमच्याकडं माणूस आजारी पडलं की बघायला जायचंच. भाऊबंदकीत भांडण असलं तरी जायचं. नाही गेलं तर ते पिढीभर लक्षात राहतं. पोलादपूरच्या आमच्या वाडीतून लोक जीप करून आले. मुंबईचे चुलते आले. आईच्या माहेरचे आले. वॉर्डाच्या दाराशी देवळाबाहेर असतो तसा चपलांचा ढीग. आमची माणसं तेवढी शिस्तीची, चपला न सांगता काढतात. हात मात्र तसेच आत येतात: एसटीचा दांडा धरलेले, गोठ्यातलं शेण काढलेले, वाटेत वडापाव खाऊन पदराला पुसलेले.

आणि बघणं म्हणजे लांबून बघणं नव्हे. दुखऱ्या जागी हात ठेवल्याशिवाय आमच्यात बघितलं असं होत नाही. प्रत्येक जण खाटेवर बसायचा, पायावरून हात फिरवायचा.

"किती कापलाय गो?" काकी विचारायची.

"बघ की," आई म्हणायची, आणि बँडेजची कड उचलून टाके दाखवायची. एखादं नवं लुगडं दाखवावं तसं. मग काकीनं ग्रामदेवतेचा अंगारा आणलेला असायचा, तो माझ्या कपाळाला, आणि उरलेला बँडेजवर.

मी थांबवलं का? नाही. मला ते आवडत होतं. आमच्या सभेला एवढी माणसं कधी येत नाहीत. उताणं पडून मी सगळ्यांना सरकारनं काय करायला हवं ते ऐकवत होते.

आता दुसरी बाजू. ड्रेसिंगची ट्रॉली पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत जायची. सिस्टर हातमोजे घालायच्या, पण ते स्वतःच्या हाताला काही लागू नये म्हणून. पहिल्या बाईची जखम पुसून झाली की त्याच मोज्यांनी दुसरीची. वॉर्डात बेसिन होतं. त्यात डबे घासले जायचे, आणि साबणाच्या जागी साबणाची खूण होती. भिंतीला हात निर्जंतुक करायची बाटली टांगलेली होती. मी वॉर्डातल्या एका मावशींना विचारलं, ही भरत का नाही? त्या म्हणाल्या, "भरली की लोक घरी नेतात." प्रश्न मिटला. बाटली रिकामी, सगळे निर्धास्त.

"दोन्ही"

घरी सोडलं आणि आठवड्याभरात टाक्यांच्या कडा लाल झाल्या. आई म्हणाली, भरतेय जखम, खाज येणारच. मग ताप आला. मग ड्रेसिंगवर पिवळा डाग, आणि वास. तो वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. आपल्याच शरीराचा, आणि तरी ओळखीचा नाही.

डॉक्टरांनी ड्रेसिंग काढलं आणि बोलायचे थांबले. एरवी ते भरपूर बोलायचे. पावसाचा अंदाज, क्रिकेट, हायवेचं काम. गप्प बसलेला डॉक्टर बघितला की माणसाला सगळं कळतं. त्यांनी पू तपासायला पाठवला. अहवाल आल्यावर मला आणि आईला समोर बसवून सांगितलं: नेहमीच्या औषधांना दाद न देणारे जंतू आहेत. ते प्लेटला चिकटून बसलेत. उघडून साफ करावं लागेल. पुन्हा झालं तर प्लेट काढावी लागेल.

"आणि तरी पुन्हा झालं तर?"

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघायचं सोडून माझ्या पावलाकडं बघितलं. "तोवर जाऊ द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात."

आई तिथंच रडायला लागली. मी रडले नाही. मला राग आला. राग माझा धंदा आहे, तो वेळेवर येतो.

"हे आलं कुठून?" मी विचारलं.

"सांगता येत नाही."

"सांगता येत नाही, की सांगायचं नाही?"

"दोन्ही," डॉक्टर म्हणाले. "इथंच लागलंय, एवढं मी तुला सांगतो. असले जंतू शेतात नसतात, ते दवाखान्यात वाढतात. पण माझ्या हातून गेले, सिस्टरच्या, का तुझ्या काकीच्या, ते कुणीच सांगू शकणार नाही. या खाटेवरून त्या खाटेवर ते हातावर बसून जातात. हात कुणाचा, त्यांना फरक पडत नाही."

मनातल्या मनात मी पत्रक लिहायला घेतलं होतं, ते दुसऱ्याच ओळीवर अडकलं. त्या माणसानं खोटं सांगितलं असतं तर मला किती सोपं गेलं असतं.

कोपऱ्यातली

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर मला वॉर्डात नेलं नाही. जिन्याशेजारी एक खोली होती, पूर्वी तिथं मोडक्या खाटा ठेवायचे. तिथं मला ठेवलं आणि दारावर कागद लावला: परवानगीशिवाय आत येऊ नये. कारण बरोबर होतं. माझ्या जखमेतलं दुसऱ्या कुणाला जाऊ नये, आणि बाहेरचं नवं काही माझ्यात येऊ नये. वेगळं ठेवणं हा त्यावरचा उपाय आहे, आणि तो उपाय मला मान्य होता, आजही आहे.

पण त्या कागदाचं पुढं काय झालं ते ऐका.

जेवणाचं ताट दाराशी ठेवून मावशी पायानं आत सरकवायला लागल्या. एक तरुण सिस्टर उंबऱ्यावरूनच ओरडून विचारायची, "ताप आहे का हो?" अहो, तुम्ही बघा ना, थर्मामीटर तुमच्याकडं आहे! झाडूवाली बाई खोली टाळून पुढं जायची, म्हणजे जी खोली सगळ्यात स्वच्छ पाहिजे ती सगळ्यात अस्वच्छ. माझं नाव स्नेहल आहे. बाहेर बोलताना मी "ती कोपऱ्यातली" झाले. दार उघडं असलं की जिन्यावरून जाणारे नातेवाईक आत डोकावायचे आणि नाकाला पदर लावायचे. माझा जंतू हवेतून उडत नव्हता. तो हाताला लागून जातो, साबणानं हात धुतला की निघून जातो. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कागदावर "येऊ नये" होतं, "कसं यावं" नव्हतं.

वाळीत टाकलेल्या माणसांच्या मुलाखती मी घेतल्या आहेत. एकानं मला सांगितलं होतं, मारलं असतं तर बरं झालं असतं, समोरचा माणूस आपल्यातून आरपार बघतो ते सहन होत नाही. मी ते वाक्य पत्रकात छापलंही होतं, ठळक टाइपात. त्या खोलीत कळलं की छापताना मला ते काहीच कळलेलं नव्हतं.

औषधं सलाईनमधून चालू होती. तोंडाला लोखंडाची चव यायची, अन्न नको व्हायचं, कानात किडा बसल्यासारखा आवाज. हे सगळं निभावतं. दिवस निभावत नव्हता. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची. ती भरून वाहायला लागली की मला बरं वाटायचं, कारण मग कुणीतरी गच्चीवर यायचं.

राग कामाला लावला. जुनी पत्रकं पाठकोरी होती. मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहून आईकडून भिंतीला चिकटवून घेतलं: "हात धुतले का? मला दाखवा." आणि मी खरंच विचारायला लागले. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "आम्हाला शिकवू नका, बारा वर्षं हेच करतोय."

"मग हा पाय कुणी सडवला?" मी म्हणाले.

त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण धुवायच्या. नळ मुद्दाम जोरात सोडून, मला ऐकू जाईल असा. चालेल. प्रेमानं धुतलेला हात आणि रागानं धुतलेला हात, जंतूला दोन्ही सारखेच.

डॉक्टर आत आले की मी दाराजवळच्या बेसिनकडं बोट करायचे. ते हसायचे आणि वळायचे. एकदा त्यांच्यामागं आलेल्या शिकाऊ डॉक्टरनं तसाच हात पुढं केला, तर त्यांनीच त्याला अडवलं: "बाबा रे, आधी तिकडं जा, नाहीतर उद्या तुझं नाव पत्रकात येईल."

आईची बाजू

आईला मात्र हे सगळं जमत नव्हतं. माझी जखम, वास, पू, ते तिनं सगळं काढलं. साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायला शिकली, रोज माझ्यासमोर धुवायची. बघायला येणाऱ्यांना परत पाठवणं तेवढं तिच्यानं होत नव्हतं.

एकदा माझे धाकटे चुलते जीप करून आले, बरोबर वाडीतली चार माणसं. आईनं सिस्टर जेवायला गेल्याचं बघून त्यांना हळूच आत घेतलं. चुलते सरळ खाटेवर बसले. मी ओरडले. म्हणजे ओरडलेच. आधी उठा, मग बाहेर, मग हात. चुलते उठले, टोपी नीट केली आणि आईला म्हणाले, "वहिनी, आमाला हाकलायला बोलावलंत का?" आणि गेले. त्यांच्यामागं चारही माणसं.

आई स्टुलावर बसली. म्हणाली, "तुझं काय जातंय? तू भाषण देऊन बिरवाडीला जातेस. मला त्या वाडीत मरायचंय. उद्या खांद्याला चार माणसं नाय आली तर तुझी पत्रकं येणार हायेत का?"

"पाय गेला तर चालेल तुला?"

"नाय चालणार. म्हणून तर गप बसलेय."

तिच्यासारखं उत्तर मला आयुष्यात कुणी दिलेलं नाही. दोन्ही बाजूंनी बरोबर, आणि दोन्ही बाजूंनी एकटी.

त्यानंतर वाडीतलं कुणी आलं नाही. वाडीत पसरलं की स्नेहलला चिकटणारा रोग झालाय. लावणीच्या दिवसांत आमच्याकडं एकमेकांच्या शेतावर जायची पद्धत आहे. त्या वर्षी आमच्या शेतावर कुणी उतरलं नाही. आई दवाखान्यातून जाऊन एकटीनं लावून आली, जेवढं झालं तेवढं.

इरफान नियमानं यायचा. हात धुऊन दाखवायचा, वर पंजे उलटसुलट करून, शाळेत नखं दाखवतात तसे. पण त्याचं आखातातलं काम ठरलं. मोठा भाऊ आधीच तिकडं होता, व्हिसा आला. निघायच्या दिवशी सर्दी झाली होती म्हणून आत न येता दाराशी उभा राहिला.

"तुझी पत्रकं आता कोण फिरवणार?" तो म्हणाला.

"तू जाऊन तिकडची कंत्राटी पद्धत बंद कर आधी."

"करतो. पयला पगार होऊ दे." हसला. मग म्हणाला, "पाय संभाळ यार." त्याच्या जिना उतरण्याचा आवाज संपेपर्यंत मी ऐकत राहिले.

भागाकाकी

आता जे सांगायचं टाळत होते ते.

भागाकाकी आमच्या शेजारच्या वाडीतली. नात्यानं काकी नाही, पण आमच्याकडं त्या वयाच्या सगळ्या बायका काकीच. येण्याजाण्याच्या वाटेवरून झालेल्या भांडणात तिच्या नवऱ्यानं गावकीचा निर्णय मानला नाही, म्हणून घर वाळीत पडलं. गिरणीत दळण नाही, हळदीकुंकवाला बोलावणं नाही, कुणाच्या आजारपणात जायचं नाही, यांच्याकडं कुणी यायचं नाही. नवरा वारला तेव्हा खांदा द्यायला आम्ही महाडहून टेम्पोतून माणसं नेली. नंतर तक्रार झाली, अधिकारी आले, सगळ्यांसमोर बहिष्कार उठला. उठला म्हणजे तोंडानं उठला. बोलावणं काही येत नव्हतं. कुठं आजारी माणसाला बघायला जायचं तर तिला माहीत असायचं की दारात तोंडं फिरतील. म्हणून ती जात नव्हती.

मला बघायला ती आली.

तिसरी शस्त्रक्रिया झालेली होती. साफ करूनही जंतू गेले नव्हते, म्हणून प्लेट काढून बाहेरून सळ्या बसवल्या होत्या. सळ्या जिथं कातड्यातून आत जातात त्या जागा उघड्या होत्या. सकाळीच डॉक्टर बजावून गेले होते: ही शेवटची संधी समज, इथं कुणाचा हात लागला तर माझ्या हातात काही राहणार नाही. आई खाली औषधं आणायला गेलेली. दार नुसतं लोटलेलं.

ते उघडून भागाकाकी आत आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, हातात पिशवी. पिशवी खाली ठेवली, तोंडानं "बाय माझे, काय गो हे" असं म्हणत दोन्ही हात पुढं करून सरळ माझ्या पायाकडं. आमच्यात बघायला आलेली बाई जे करते तेच. किती वर्षांनी तिला ते करायला मिळत होतं!

"थांब!" मी किंचाळले. "हात लावू नको! मागं हो!"

ती थांबली. हात तसेच हवेत. मग तिनं ते खाली घेतले, पदरात गुंडाळले, आणि माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर मी भांडले असते. ओळख होती. हा आवाज तिनं आधी पुष्कळ वेळा ऐकलेला होता.

"काकी, तसं नाही, नुसते हात धुऊन..." मी म्हणेपर्यंत ती दारातून बाहेर होती.

मला उठता येत नव्हतं. पायाला सळ्या, हाताला सलाईन. मी हाका मारल्या. बेल दाबली. सिस्टर आल्या तोवर जिन्यावर कुणी नव्हतं. मी सांगितलं, हिरव्या लुगड्याची बाई, तिला परत आणा, तिला सांगा. त्या धावल्यासुद्धा, ज्यांना मी पाय कुणी सडवला म्हणाले होते त्याच. दमून परत आल्या. "गेटवर गाठलं, सगळं समजावलं. हो हो म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या."

पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या होत्या आणि वालाचं बिरडं. आईनं डबा उघडला आणि मी पहिल्यांदा रडले. पायासाठी नाही रडले त्या सगळ्या दिवसांत, त्या डब्यासाठी रडले. तिच्याकडं फोन नव्हता. असता तरी काय सांगणार होते?

ती खोली त्यानंतर जी रिकामी झाली ती कुणाच्या येण्यानं भरली नाही.

मागणी

पाय राहिला. सळ्या निघाल्या, जखम भरली, जंतू सापडेनासे झाले. पाय थोडा आखूड आहे, थंडीत ठणकतो. तो माझा आहे.

तर मागणी. ती माझ्या एकटीच्या अनुभवातून आहे, डॉक्टरकीतलं मला कळत नाही. पण हे कळतं.

रुग्णालयानं प्रत्येक वॉर्डात पाणी, साबण आणि भरलेली बाटली ठेवावी. लोक घरी नेतात तर साखळी लावा, बँकेतल्या पेनाला लावतात तशी. एका जखमेचे मोजे दुसऱ्या जखमेला नकोत. पेशंटनं विचारावं, आणि विचारल्यावर डॉक्टर-सिस्टरांनी राग येऊ देऊ नये. आला तर येऊ दे, धुवा मात्र.

आपण घरच्यांनी खाटेवर बसायचं नाही, ड्रेसिंग उघडून दाखवायचं नाही, जखमेजवळ अंगारा नको, कपाळाला हवा तेवढा लावा. एका वेळी एक माणूस, हात धुऊन. आणि औषधाचे दिवस पुरे करा. बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका.

आणि ज्याला वेगळ्या खोलीत ठेवलंय त्याच्या दारावर नुसतं "येऊ नये" लिहू नका. आत कसं यायचं ते लिहा. ताट पायानं सरकवायचं नाही, हातात द्यायचं आणि मग हात धुवायचे. नावानं हाक मारायची. शक्य असेल तर घरचं एक माणूस शिकवून तयार करायचं आणि त्याला रोज जवळ बसू द्यायचं. वेगळं ठेवणं जंतूसाठी असतं. माणसाला वाळीत टाकायचं औषध कुठल्याही चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

नाचणीच्या दिवसांत

काठी घेऊन चालता यायला लागलं तशी पहिल्यांदा मी भागाकाकीच्या वाडीला गेले. रिक्षा खाली सोडली, पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढायला बराच वेळ लागला. ती अंगणात काठीनं नाचणीची कणसं बडवत बसली होती. मला बघितलं, माझ्या पायाकडं बघितलं, आणि बडवत राहिली. मी ओटीच्या कडेला टेकले.

"काकी, त्या दिवशीचं," मी म्हणाले. "हातावरून जंतू जातात. तुझ्याच नाही, कुणाच्याही. डॉक्टरलासुद्धा मी धुवायला लावत होते."

"कळलं होतं मला. त्या सिस्टरबाईनं सांगितलं ना गेटवर."

"मग परत वर का नाही आलीस?"

"पाय वळले ते वळले," ती म्हणाली. "मागं हो म्हटलं की वळतातच. त्यांना आता मला इचारायला लागत नाय."

मी म्हणाले, कारण ते खरं होतं, "माझं चुकलं नव्हतं काकी. हात लागला असता तर हा पाय गेला असता."

"कुठं चुकलं म्हणते मी?" तिनं काठी बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघितलं. "हात लावू नको म्हणालीस ते बराबरच होतं. पण त्याच्या आधी नुसतं 'ये' म्हणाली असतीस गो, तर हात काय, नदीवर जाऊन आंघोळ करून आले असते."

एवढं बोलून तिनं काठी पुन्हा उचलली. मी ओटीवर बसून राहिले. अंगणात भुसा उडत होता. तिनं मला जा म्हटलं नाही. आणि ये असंही अजून म्हटलेलं नव्हतं.